आधी माशांना

“आधी माशांना, मग आपल्याला. चहासुद्धा नंतर.”

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी माईंनी केतकीला एवढंच सांगितलं होतं. त्यात सासूपणाचा तोरा नव्हता. बाहेर पडताना गॅस बंद केलास ना असं विचारावं, तितक्या सहज त्या दाराशी चपला शोधता शोधता बोलल्या होत्या. हातात पितळी डबा, डब्यात कणकेच्या गोळ्या आणि प्रत्येक गोळीच्या पोटात रामनाम लिहिलेली तांदळाएवढी चिठ्ठी. पहाटे स्नान करायचं, चिठ्ठ्या लिहायच्या, कणीक भिजवायची, घाटावर जाऊन गोळ्या माशांना घालायच्या आणि घरी येऊन मगच तोंडात काही घ्यायचं, हा माईंचा नेम. निनाद, केतकीचा नवरा, लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा धरलेला. निनाद बरा झाला, मोठा झाला, कच्छच्या पवनचक्क्यांवर नोकरीला लागला आणि महिन्यातून एकदा घरी येऊ लागला. नेम चालूच राहिला.

केतकीने मात्र तो कधी पाळला नाही. माई कोपऱ्यावरून वळल्या की ती आपला चहा ओतून घ्यायची. माईंना ते ठाऊक होतं. परत आल्या की त्या ओट्यावरची ओली बशी बघत आणि काही न बोलता विसळून पालथी घालत. अशी सोळा वर्षं दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं.

सोमतळे हे गावाचं नाव आणि तळ्याचंही. तीन बाजूंना टेकड्या, चौथीकडे दगडी बांध, बांधाला लागून विष्णूचं देऊळ आणि घाट. घाटाखालच्या माशांना कुणी जाळं लावत नाही, ते देवाचे मासे. सगळं गाव पाणी पितं ते याच तळ्याचं, आणि त्या पाण्यावर नजर ठेवणं हे केतकीचं काम. नगरपालिकेच्या जलविभागात ती शास्त्रज्ञ होती. सोबतीला फिरोज मुलाणी, एक बोट, छोटीशी प्रयोगशाळा आणि कासवं.

कासवं म्हणजे तळ्यात तरंगणारी यंत्रं. पाठीवर सौरपत्र्याची ढाल आणि पाण्यात खाली सोडलेली मान, म्हणून गावानेच ते नाव ठेवलं. पाण्यात निळसर हिरवं शेवाळ असतं. खरं तर ते शेवाळ नव्हे, उन्हावर आपलं अन्न बनवणारे फार पुरातन जिवाणू आहेत ते. थोडे असतात तोवर कुणाला पत्ता लागत नाही. पाणी तापलं, वारा पडला आणि खायला मुबलक मिळालं की ते भराभर वाढतात, पाण्यावर हिरवी साय धरते. त्यांतल्या काही जाती यकृताला घातक असं विष तयार करतात. त्यांच्या अंगातलं निळं रंगद्रव्य नारिंगी उजेड पडला की लालसर चमकतं. कासव तो उजेड टाकत राही, चमक मोजत राही, आणि डोळ्यांना हिरवं दिसायच्या कितीतरी दिवस आधी प्रयोगशाळेत घंटा वाजे.

एवढं सगळीकडेच होतं. सोमतळ्याला नवीन मिळालं होतं ते माग काढणारं यंत्र. हे जिवाणू वाढायचे थांबतात ते बहुधा पाण्यातला फॉस्फरस संपला की. तो येतो शेतातल्या खतातून, मोऱ्यांच्या पाण्यातून, धान्यातून. पाण्यात त्याच्याशी ऑक्सिजन जोडलेला असतो. ऑक्सिजनचे अणू काही हलके, काही किंचित जड, आणि त्यांचं प्रमाण फॉस्फरस जिथून आला तिथल्या वळणाचं असतं. आजोबांचं नाक नातवाच्या चेहऱ्यावर ओळखू यावं, तसं यंत्र ते वळण ओळखायचं. घाटावरच्या फलकावर रोज सकाळी आदल्या दिवशी नव्याने आलेल्या फॉस्फरसचे आकडे उमटत: खताचा वाटा इतका, सांडपाण्याचा इतका, धान्याचा इतका. फलक लावायचा आग्रह केतकीचाच होता. पाणी सगळ्यांचं, तर कुणाचं काय त्यात जातं हे सगळ्यांना दिसायला हवं, असं ती सभेत बोलली होती आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. पुरुषोत्तमाचा महिना, दानाचा महिना. सोमतळ्याच्या माशांना नामाच्या तेहेतीस गोळ्या घातल्या की मनातलं होतं, असं कुणीतरी मोबाइलवर सांगितलं आणि नव्या महामार्गाने गाड्यांची रीघ लागली. घाटावर गोळ्यांची पाकिटं विकायला आली. केतकीने एका रविवारी अंदाज घेतला. दिवसाला टनभर कणीक पाण्यात चालली होती. किलोभर कणकेत तीनेक ग्रॅम फॉस्फरस असतो, आणि एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभरेक ग्रॅम वाळलेलं शेवाळ पोसलं जातं. मासे खाऊन खाणार किती? उरलेली कणीक तळाशी कुजत होती.

सांडपाण्याचा नवा प्रकल्प चालू होता, खतं मोजून पडत होती. फलकावर धान्याचा आकडा तेवढा रोज चढत होता. मग घंटा वाजली. कासवं सांगत होती की आठवड्याच्या आत घाटाजवळचं पाणी विषारी होणार.

केतकीने घाट बंद करायचा आदेश काढला, तसे देवस्थानचे अध्यक्ष शिंत्रे काका प्रयोगशाळेत आले. ते माईंच्या माहेरच्या गावचे, त्यामुळे तिला ऑफिसातही सूनबाईच म्हणत.

“सूनबाई, लोक लांबून येतात. त्यांना काय सांगू, मासे उपासाला बसलेत?”

“पाणी आजारी आहे म्हणून सांगा, काका.”

“मग औषध द्या की. मोरचूद टाका. आमच्या वडिलांच्या वेळी टाकायचे. दोन दिवसांत तळं आरशासारखं.”

“आरशासारखं दिसेल,” केतकी म्हणाली. “पण मोरचुदाने या पेशी एकदम फुटतात. आत्ता विष बहुतेक पेशीच्या पिशवीत बंद आहे, गाळणीत पिशवीसकट अडकतं. पिशव्या फुटल्या की पाण्यात विरघळेल, मग आपल्या गाळणीला सापडायचं नाही. आणि उकळून ते जात नाही.”

“गावात तर घरोघरी उकळतायत.”

“तेच तर. पाणी आटतं आणि विष घट्ट होतं. म्हणून आजपासून टँकर. तुमची सही मला लागत नाही काका, पण देवळाच्या कर्ण्यावरून तुम्ही बोललात तर लोक ऐकतील.”

शिंत्रे काका फिरोजकडे वळले. फिरोज सूक्ष्मदर्शकातून मान वर न काढता म्हणाला, “काका, बघायचेत का पाहुणे? फार देखणे आहेत.”

“नको बाबा. देखणं तेवढं घातकच असतं,” म्हणत ते उठले. कर्ण्यावरून मात्र बोलले.

दुसऱ्या दिवशी माई घाटावर गेल्या, लोखंडी अडसरापाशी थांबल्या आणि भरला डबा घेऊन परत आल्या. डबा ओट्यावर ठेवला आणि देवापुढे जाऊन बसल्या. दुपार झाली तरी जेवायला उठल्या नाहीत. औषधाच्या गोळीपुरतं दोन घोट पाणी घेतलं, तेवढंच.

“माई, असं काय करता? माझ्यावर राग आहे का?”

“रुसले नाही गं मी. तुझं काम तू केलंस. माझा नेम मी करतेय. घाट बंद, तर तोंड बंद. यात भांडण कुठे आलं?”

रात्री निनादचा फोन आला. “आईला सांग, मी चांगला धडधाकट आहे. आता सोड म्हणावं.”

“त्याला विचार, धडधाकट आहेस तो कशाने,” माई आतूनच म्हणाल्या.

माईंना साखरेचा त्रास होता. दंडावर नाण्याएवढी चकती लावलेली असे, ती साखर मोजून केतकीच्या मोबाइलवर कळवत राही. तिसऱ्या दिवशी केतकी बोटीत होती. एका बाजूला कासवांचे आकडे वर चालले होते, दुसऱ्या बाजूला माईंचा आकडा खाली. चकतीने इशारा दिला तशी ती ओल्या पायांनी घरी पळाली. माई भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळावर घाम, हात थरथरत होते. तरी साखरपाण्याचा पेला त्यांनी बाजूला सारला.

“द्या तो डबा,” केतकी म्हणाली. “मी बोटीने पलीकडच्या खोल पाण्यात घालून येते. तिथे चालतं.”

“खरं?”

“खरं. रोज घालीन. पण तुम्ही जेवा.”

माईंनी तिच्याकडे बघितलं आणि डबा दिला. केतकी तळ्याकडे गेली, बोटीत बसली, आणि डब्याचं झाकण उघडून तशीच बसून राहिली. पलीकडच्या पाण्यातही चालत नव्हतंच. स्वतः काढलेला आदेश संपूर्ण तळ्यासाठी होता. मूठभर कणकेने काही होत नाही हे तिला माहीत होतं, आणि घाटावर आलेल्या प्रत्येकाने तिला नेमकं हेच सांगितलं होतं. तिने झाकण लावलं. घरी रिकामा डबा आला. माई जेवल्या.

चार-पाच दिवस असेच गेले. मग फिरोजने विचारलं, “मॅडम, नमुन्यांच्या फ्रीजमध्ये पिठाच्या गोळ्या कुणी ठेवल्यात? नवीन प्रयोग आहे का?”

“राहू दे त्या. हलवू नकोस.”

“टाकून देऊ?”

“आत नाव आहे,” ती म्हणाली. फिरोजने मान हलवली आणि फ्रीजचं दार हळू लावलं.

त्याच संध्याकाळी माई देवदर्शनाला गेल्या. देऊळ उघडं होतं, नुसत्या पायऱ्या बंद होत्या. परत आल्या तेव्हा केतकी कढीला फोडणी देत होती.

“केतकी, फलकावर धान्याच्या पुढे शून्य आहे. शिंत्रे म्हणाले, चार दिवस शून्यच आहे.” माई दाराला धरून उभ्या होत्या. “माझी कणीक यंत्राला दिसत नाही का गं?”

एवढ्या मोठ्या तळ्यात मूठभर कणीक कुठल्याच यंत्राला दिसली नसती. तेवढं सांगितलं असतं तर माई समाधानाने पाय धुवायला गेल्या असत्या, आणि त्यात एक अक्षर खोटं नसतं. वाक्य केतकीच्या ओठांवर आलंही.

“दिसली नसतीच माई, इतकी थोडी,” ती म्हणाली. मग गॅस बारीक केला. “पण मी घातलीच नाही.”

“मग गेली कुठे?”

“ऑफिसच्या फ्रीजमध्ये आहे, सगळी. टाकवेना.”

माई पाटावर बसल्या.

“म्हणजे मासे उपाशी ठेवून मी जेवले. काल तर भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.”

“तुमची साखर उतरली होती. मला दुसरं सुचलं नाही.”

“सुचलं नाही ते कळतं मला. नेम चुकला तर त्याला प्रायश्चित्त असतं, ते मी आणि देव बघून घेऊ. चहा तू आधी पितेस, मी कधी बोलले? चोरून का होईना, ते खरं होतं. पण तू ‘खरं’ म्हणालीस आणि मी जेवले. उद्यापासून तुझ्या हातचं मी कुठल्या भरवशावर खाऊ, एवढं सांग.”

कढी उतू गेली तेव्हा केतकीने धावत गॅस बंद केला. माईंनी उठून स्वतःपुरतं दूध गरम केलं, औषध घेतलं आणि त्या निजल्या. दूध घेतलं ते चकतीसाठी, हे दोघींनाही कळत होतं.

निजायच्या आधी केतकी त्यांच्या अंथरुणापाशी आली. “उद्या पहाटे माझ्याबरोबर घाटावर चला. डबा घेऊन.”

“बंद आहे ना?”

“किल्ली माझ्याकडे आहे.”

उजाडायच्या सुमाराला दोघी अडसर ओलांडून गेल्या. कुजक्या गवतासारखा वास येत होता. कडेच्या पायऱ्यांशी हिरव्या रंगाचा जाड पापुद्रा जमला होता, जणू कुणी रंगाचा डबा लवंडला होता.

“माई, बांगड्या वर सरकवून धरा. आवाज होऊ द्यायचा नाही.”

“का गं? माझ्या बांगड्या ओळखतात ते. आवाज आला की येतात.”

“आज नुसतं बघू.”

माईंनी बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या. चपला काढून दोघी निःशब्द पायऱ्या उतरल्या. मासे आधीच वर आले होते. शेकडो. तांबूस परांचे, हातभर लांब, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडं लावून उघडझाप करत होते.

“बघ,” माई कुजबुजल्या. “उपाशी आहेत. मागच्या वर्षीही असेच तोंडं वर करून असायचे. मी निनादला फोटो पाठवला होता, बघ म्हटलं कशी वाट बघतात.”

“एक गोळी घाला.”

“तुझा आदेश?”

“एक घाला. मी सांगतेय.”

माईंनी डबा उघडला, गोळी कपाळाला लावली आणि अलगद सोडली. ती एका मोठ्या माशाच्या ओठांशी पडली. त्याने तोंड मिटलं नाही की वळलाही नाही. गोळी त्याच्या गालाला घासून खाली गेली, दुसऱ्याच्या अंगावरून घसरली आणि हिरव्या पाण्यात दिसेनाशी झाली. कुणीही तिच्यामागे गेलं नाही.

माई वाकून बघत राहिल्या. “खाल्ली नाही गं.”

“भूक नाही त्यांना. श्वास पुरत नाहीये,” केतकी म्हणाली. “दिवसा हे हिरवं पाण्यात प्राणवायू सोडतं, रात्री तेच ओढून घेतं. तळाची कणीक कुजते तीही ओढते. पहाटेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. हवेला टेकलेलं पाणी तेवढं बरं असतं, म्हणून त्याला तोंड लावतात.”

“मागच्या वर्षीसुद्धा?”

“मागच्या वर्षीसुद्धा. माझ्या यंत्रात आकडे होते. मी तुम्हाला सांगितलं नाही. वाटलं, तुमच्या मुठीने काय होतंय.”

माई पायरीवर टेकल्या. ऊन अजून आलं नव्हतं. डब्याचं झाकण लावत त्यांनी विचारलं, “मग त्यांना काय हवंय?”

केतकीने घाटाच्या उजव्या हाताला बोट दाखवलं. तिथे पालिकेने सोडलेले तराफे तरंगत होते, त्यांवर कर्दळ आणि वाळा लावलेला. त्यांची मुळं पाण्यात लोंबत आणि तोच फॉस्फरस शोषून घेत. पण कर्दळ वेळच्या वेळी कापून तळ्यापासून लांब न्यावी लागते. नाहीतर पानं पिकून पाण्यात पडतात आणि घेतलेलं सगळं परत देतात. लावायला लोक जमले होते, फोटोही निघाले होते. कापायला कुणी येत नव्हतं.

“म्हणजे आपण घातलेलं आपणच काढायचं,” माई म्हणाल्या.

“थोडं थोडं. बरीच वर्षं लागतील.”

माई उठल्या आणि सवयीने ओंजळीत पाणी घ्यायला वाकल्या. केतकीने त्यांचा हात धरला. “तळ्याचं नको, माई.” तिने पिशवीतली टँकरच्या पाण्याची बाटली उघडून त्यांच्या उजव्या हातावर धार धरली. माईंनी तिथी, वार म्हणून संकल्प सोडला. रोज कर्दळीचा एक भारा काढून शेतावर पोहोचवायचा, मगच अन्न.

“तुमचे गुडघे दुखतील त्या दिवशी मी आणेन,” केतकी म्हणाली. “वचन देते.”

“बघू,” माई म्हणाल्या.

फ्रीजमधल्या गोळ्या माईंनी परसातल्या जास्वंदीच्या मुळाशी पुरल्या. दुसऱ्या सकाळी विळा आणि रिकामी टोपली घेऊन त्या घाटावर गेल्या. केतकीने त्यांना हातमोजे घालायला लावले आणि फिरोज तराफा दोरीने पायरीशी ओढून देऊ लागला. पहिल्या दिवशी भारा सुटला आणि अर्धी पानं पाण्यात गेली. “कणीक बरी होती,” माई पुटपुटल्या. लोक अडसरापलीकडून बघत. कुणी हसलंही. अधिक महिना संपेपर्यंत चार बायका सोबत यायला लागल्या, दोघी पुढे गळल्या. शिंत्रे काकांनी कर्दळ न्यायला देवस्थानची गाडी लावली, पण वरून म्हणालेच, “पूर्वी लोक काही घालायला यायचे, आता काढायला येतात. देवाने काय समजायचं?”

घरी मात्र माई आपला भात आपण करत. वेगळ्या पातेल्यात, एका वाटीचा. केतकीने कधी विषय काढला नाही. पाऊसकाळ गेला, तळं निवळलं, नळ सुरू झाले. घाट उघडला तो एका पाटीसकट: चिमूटभर घालावं, तेही सकाळी नऊनंतर. फलकावरचा धान्याचा आकडा अधूनमधून डोकं वर काढायचा. कासवं पुढच्या उन्हाळ्याबद्दल आश्वासन देत नव्हती. तळाच्या गाळात अजून खूप काही साठलं होतं. माई पाटीखालून विळा घेऊन पुढे जात.

कार्तिकातल्या एका सकाळी केतकीला सुट्टी होती. उठून बघते तर स्वयंपाकघरात माईंची चाहूल नव्हती. त्या अंथरुणात होत्या. गुडघे सुजलेले आणि अंगात कणकण. टोपली दारामागे होती. माई त्या टोपलीकडे बघत होत्या.

केतकीने चहा ठेवला होता, तो उकळला होता. तिने गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि विळा टोपलीत टाकला.

“केतकी,” आतून हाक आली.

“काय माई?”

“जाताना कुकर लावून जा. दोघींचा. आल्यावर जेवू.”

तिने दोघींचे तांदूळ धुतले, कुकर लावला, शिट्ट्या होऊन गॅस आपोआप बंद होईल असं बटण फिरवलं. दाराशी चपला शोधल्या. बशी कोरडी होती, पालथी होती तशीच ठेवून ती घाटाच्या वाटेला लागली.